न कळलेलेच बरे?



काही महिन्यांपूर्वी एका रविवारी मिस्सानंतर आपल्या सभागृहात रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासण्याची सोय केली होती, हे आपल्याला आठवत असेल. एका बाजूला चहाची रांग होती, दुसऱ्या बाजूला तपासणीची. चहाची रांग लांब होती, तपासणीची आखूड. बाजूने जाणाऱ्या एका मावशींना मी हाक मारली आणि म्हटले, "मावशी, बसा जरा, दोन मिनिटांचे काम आहे." त्या हसल्या. म्हणाल्या, "फादर, माझी आजी कधी दवाखान्याची पायरी चढली नाही आणि नव्वद वर्षे जगली. देवाने जेवढे दिवस दिलेत तेवढे मिळणारच. तपासून नसते लचांड कशाला मागे लावून घ्यायचे? न कळलेलेच बरे." आणि त्या चहाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

त्याच दिवशी एक तरुण मला भेटायला थांबला होता. वय असेल तिशीच्या आसपास. हातात जाडजूड फाइल. सवलतीत मिळते म्हणून त्याने एका खाजगी प्रयोगशाळेत सत्तर तपासण्यांचे पॅकेज करून घेतले होते. त्यांतले तीन आकडे ठळक अक्षरांत छापून आले. मग त्या तीन आकड्यांसाठी पुन्हा तपासण्या, मग सोनोग्राफी, मग एका मोठ्या डॉक्टरांची फी. शेवटी काहीच निघाले नाही. "पण फादर," तो म्हणाला, "महिनाभर मला झोप नाही. आता सगळे ठीक आहे म्हणतात, पण माझा विश्वासच बसत नाही. अजून एकदा करून घेऊ का?"

खरे सांगायचे तर त्या दिवशी मी दोघांनाही वरवरची उत्तरे दिली. मावशींना म्हणालो, "देव आहेच, पण आपणही काळजी घ्यायला हवी." तरुणाला म्हणालो, "काळजी करू नकोस, देव आहे." घरी आल्यावर माझ्या लक्षात आले की एकाच सकाळी मी एकीला काळजी कर म्हणून सांगितले आणि दुसऱ्याला करू नको म्हणून. दोन्ही वेळा देवाचे नाव घेतले, आणि दोन्ही वेळा विचार केला नाही. त्या दोघांचे जे ऋण माझ्याकडे राहिले, ते आज या पानावर फेडण्याचा प्रयत्न करतो.

त्याआधी माझीही एक गोष्ट सांगायला हवी. त्या सकाळी लोकांना उदाहरण घालून द्यावे म्हणून मी स्वतः खुर्चीवर बसलो. गेली सहा वर्षे मी रक्तदाब मोजून घेतला नव्हता. जिने चढताना दम लागत नाही, डोके दुखत नाही, मग काय मोजायचे? सिस्टरांनी पट्टा बांधला, आकडा पाहिला, काही न बोलता मला पाच मिनिटे शांत बसवले आणि पुन्हा मोजला. १६८ वर १०२. पुढच्या दोन आठवड्यांत वेगवेगळ्या दिवशी मोजून डॉक्टरांनी खात्री करून घेतली. आता मी रोज सकाळी एक गोळी घेतो. वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच त्रास देत नाही. तो थेट मेंदूला, हृदयाला किंवा मूत्रपिंडाला धक्का देतो तेव्हाच अनेकांना कळतो. तेव्हा 'मला काही होत नाही, म्हणजे मला काही झालेले नाही' हा युक्तिवाद मी स्वतःच वापरत होतो आणि तो चुकीचा होता, एवढे कबूल करून पुढे जातो.

प्रथम मावशींच्या म्हणण्याकडे वळू. त्यांच्या वाक्यात श्रद्धा आहे आणि भीतीही आहे. मुंबईत 'टाटाला दाखवायला सांगितलंय' हे वाक्य आपण आजही आवाज खाली आणून उच्चारतो. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे दरवाजे १९४१ मध्ये उघडले. तेव्हापासून तिथून कितीतरी माणसे बरी होऊन आली, तरी ते नाव कानावर पडले की समोरचा माणूस 'अरेरे' म्हणतो. अशा शहरात एखाद्या स्त्रीला वाटले की न कळलेलेच बरे, तर तिला अडाणी म्हणणे हा अन्याय ठरेल. ती केवळ प्रामाणिकपणे घाबरलेली आहे. मात्र भीतीला श्रद्धेचे कपडे घातले म्हणून ती श्रद्धा होत नाही. देवावर विश्वास ठेवणारा माणूस सत्याला सामोरा जाऊ शकतो. सत्याकडे पाठ फिरवण्यासाठी देवाचे नाव घेणे हा त्या विश्वासाचा उलटा वापर आहे. जुन्या करारातील सिराखच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखायला सांगतो, कारण वैद्य आणि औषधी यांचाही निर्माता देवच आहे.

मग तपासणी करून घेणे हे आपले नैतिक कर्तव्य आहे का? सेमिनरीत आम्हाला नीतिशास्त्राच्या तासाला एक जुना भेद शिकवीत. आपले जीवन जपण्यासाठी जे 'साधारण' उपाय आहेत ते करायला आपण बांधलेले आहोत. जे 'असाधारण' आहेत, म्हणजे ज्यांचा भार फार आणि लाभ अनिश्चित, ते करण्याची सक्ती कोणावरही नाही. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्को द व्हितोरिया या स्पॅनिश धर्मपंडिताने हा विचार फार साध्या उदाहरणाने मांडला. कोंबडीसारखे महागडे, पौष्टिक अन्न खाल्ल्याने आयुष्य वाढेल असे वैद्याने सांगितले, तरी माणसाला ते खाल्लेच पाहिजे असे बंधन नाही. सर्वसाधारण माणसे जे खातात ते त्याने खाल्ले की कर्तव्य पूर्ण झाले. पोप पायस बारावे यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणात हाच भेद आधुनिक वैद्यकाला लावून दाखवला. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातही दोन परिच्छेद एकापाठोपाठ येतात. २२८८ वा परिच्छेद सांगतो की आरोग्य ही देवाने सोपवलेली ठेव आहे, तिची वाजवी काळजी घ्या. त्यानंतरचा लगेच बजावतो की शरीराचेच देव्हारे माजवू नका. पहिला परिच्छेद मावशींसाठी आहे आणि दुसरा त्या तरुणासाठी, असे मला वाटते.

पण 'वाजवी' म्हणजे किती? इथे नुसते तत्त्वज्ञान पुरत नाही, वस्तुस्थिती तपासावी लागते. सगळ्या तपासण्या एका मापाच्या नाहीत.

सुरुवातीलाच एक गोष्ट वेगळी काढून ठेवू. त्रास होत असताना डॉक्टरकडे जाणे आणि काही त्रास नसताना तपासणी करून घेणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पूर्वी मी ज्या धर्मग्रामात होतो तिथे एका आजारी बाईंना मी दर शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद नेऊन देत असे. पाळी जाऊन काही वर्षे झाली होती आणि पुन्हा रक्त जाऊ लागले होते. वर्षभर त्यांनी कोणाला सांगितले नाही. "आधी पोरीचे लग्न होऊन जाऊ दे, मग बघू," असे त्यांनी ठरवले होते. लग्न झाले, मुलगी सासरी गेली, आणि चार महिन्यांनी मी त्यांना अभ्यंगाचा संस्कार दिला. त्यांच्या बाबतीत तपासणी आवश्यक आहे का हा प्रश्नच नव्हता. शरीराने हाक मारली होती आणि ती ऐकायची होती. पाळी गेल्यानंतर किंवा संबंधानंतर रक्तस्राव, स्तनात गाठ, तीन आठवड्यांत न भरणारे तोंडातले व्रण, अचानक घटलेले वजन: यांपैकी काही असेल तर हा लेख पुढे वाचू नका. उद्या सोमवार आहे, दवाखाना उघडा असेल.

आता ज्यांना काहीच त्रास नाही त्यांच्याविषयी. आपण सारे पश्चिम रेल्वेने फिरणारी माणसे आहोत, तेव्हा त्याच भाषेत सांगतो. आजार ही विरारहून निघालेली गाडी आहे आणि चर्चगेट हे तिचे शेवटचे स्थानक, असे समजा. एकाला ती गाडी येते आहे हे चर्नी रोडला कळले, दुसऱ्याला बोरिवलीला. बोरिवलीला ज्याला कळले तो म्हणेल, "मला आधी कळले, म्हणून मी आजार कळल्यानंतर कितीतरी जास्त जगलो." पण मधल्या काळात गाडी थांबवण्याचा काही उपायच नसेल, तर ती चर्चगेटला त्याच वेळेला पोहोचणार. त्याचे आयुष्य वाढले नाही, फक्त काळजीचा प्रवास लांबला. याशिवाय काही गाड्या मधेच कारशेडला जातात, त्या चर्चगेटपर्यंत येतच नाहीत. शरीरात अशा काही गाठी असतात ज्या माणसाला आयुष्यभर काही करीत नाहीत. त्या शोधून काढल्या की माणूस विनाकारण रुग्ण होतो. लवकर कळण्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा मधल्या एखाद्या स्थानकावर गाडी अडवता येते.

हे नुसते उदाहरण नाही. दक्षिण कोरियात १९९९ पासून कर्करोग तपासणीची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिच्या जोडीला, मोहिमेत नसतानाही, थोड्या पैशांत गळ्याची सोनोग्राफी करून देण्याची पद्धत पडली. थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान होण्याचे प्रमाण २०११ पर्यंत १९९३ च्या पंधरापट झाले. निदान झालेल्या बहुतेक सर्वांवर शस्त्रक्रिया झाली, कित्येकांना जन्मभराची गोळी लागली, काहींचा आवाज गेला. आणि या आजाराने मरण पावणाऱ्यांचे प्रमाण? ते जिथल्या तिथे राहिले. म्हणजे हजारो माणसांचे गळे कारशेडच्या गाड्या अडवण्यासाठी कापले गेले.

सरसकट 'फुल बॉडी चेकअप'विषयीही असाच अनुभव आहे. कॉक्रेन या नामांकित संस्थेने २०१९ मध्ये सतरा चाचण्यांचा आणि त्यांतील सुमारे अडीच लाख माणसांचा आढावा प्रसिद्ध केला. सर्वसाधारण आरोग्य तपासणीचे बोलावणे आलेली माणसे आणि न आलेली माणसे यांच्या मृत्यूंच्या प्रमाणात जवळजवळ काही फरक आढळला नाही. त्या तरुणाच्या तीन ठळक आकड्यांचे तर साधे गणित आहे. प्रयोगशाळा 'नॉर्मल' हा पट्टा साधारणपणे असा ठरवते की शंभर निरोगी माणसांपैकी पंच्याण्णव त्यात बसावीत. म्हणजे पाच निरोगी माणसे प्रत्येक तपासणीत विनाकारण बाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर सगळ्याच्या सगळ्या नॉर्मल येणारी निरोगी माणसे शंभरात छत्तीसच उरतात. उरलेल्या चौसष्टांच्या कागदावर काही ना काही ठळक छापून येणारच. सत्तर तपासण्यांत तीन आकडे ठळक आले यात नवल नाही. एकही आला नसता तर नवल होते.

इथपर्यंत वाचून मावशी म्हणतील, "बघा फादर, मी म्हणतच होते." पण थांबा. आता आपल्याच शहरातली गोष्ट येते.

१९९८ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या गरीब वस्त्यांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. वस्त्यांचे दोन गट केले. एका गटातील ७५,३६० स्त्रियांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी झाली. तपासणारे डॉक्टर नव्हते. त्यासाठी खास शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. त्या हाताने स्तन तपासत आणि गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसिटिक आम्ल, म्हणजे आपल्या लोणच्यातल्या व्हिनेगरमधले आम्ल, लावून पाहत. बिघडलेला भाग पांढरा दिसू लागतो. ना मशीन, ना प्रयोगशाळा, ना सत्तर आकडे. दुसऱ्या गटातील ७६,१७८ स्त्रियांना सुरुवातीला एकदा कर्करोगाची माहिती दिली गेली, तपासणी केली गेली नाही. बारा वर्षांनंतरचा हिशेब २०१३ मध्ये जाहीर झाला: तपासलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. स्तनांच्या तपासणीचा निकाल २०२१ मध्ये आला. तपासलेल्या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडत होता. मृत्यूंमधील घट मात्र सर्व वयांचा एकत्र विचार करता निःसंशय म्हणावी इतकी नव्हती. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये ती सुमारे ३० टक्के दिसली.

त्याच सुमारास उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने दुसरा अभ्यास झाला. तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत होणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी एका गटातील स्त्रियांना फक्त एकदा देऊ केली गेली. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. चाचणीच्या गटातील सुमारे ३४ हजार स्त्रियांमध्ये या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तुलनेसाठी ठेवलेल्या सुमारे ३१ हजारांमध्ये ६४. आयुष्यात एकदाच केलेली चाचणी, आणि मृत्यू जवळजवळ निम्म्यावर. व्हिनेगरची तपासणी मात्र तिथे एकदाच केली होती आणि तिने तसा ठाम फरक दाखवला नाही. मुंबईत ती चार वेळा केली तेव्हा फरक दिसला. तिरुवनंतपुरमच्या अभ्यासात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसते तोंड उघडून नीट पाहिले, तर तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी झाले.

असे का व्हावे? कोरियातली तपासणी महागड्या यंत्राची होती आणि तिने कोणाला वाचवले नाही. मुंबईतली व्हिनेगरची होती आणि तिने वाचवले. कारण गर्भाशयमुखाचा आजार वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो, तो कर्करोग होण्याआधी दिसतो, आणि त्या टप्प्यावर साध्या उपचाराने काढून टाकता येतो. ती गाडी अंधेरीला अडवता येते. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर या दोघांनी १९६८ मध्येच हे सांगून ठेवले आहे: आजार महत्त्वाचा असावा, त्याची आधीची अवस्था ओळखता यावी, आणि सापडल्यावर करण्यासारखा उपचार हाताशी असावा, तरच निरोगी माणसाला तपासायला बोलवावे.

पण या आकड्यांपाशी मी सहज थांबू शकत नाही. ते मिळाले कसे? तुलनेच्या गटातल्या त्या ७६,१७८ स्त्रियांमुळे. त्यांची तपासणी झाली नाही, म्हणून तपासणीचा उपयोग मोजता आला. या अभ्यासावर पुढे कठोर प्रश्न विचारले गेले. श्रीमंत देशांत स्त्रियांना तपासणी मिळत असताना इथल्या गरीब स्त्रियांना न तपासता त्यांच्यातले मृत्यू मोजणे योग्य होते का? आपण कशात सामील होत आहोत हे त्यांना पुरेसे समजावले होते का? दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की त्या वस्त्यांत तेव्हा कोणालाच तपासणी मिळत नव्हती, त्यांच्याकडून काही काढून घेतले नव्हते, आणि स्वस्त उपाय उपयोगी आहे हे सिद्ध झाल्याशिवाय कोणतेही सरकार तो करणार नव्हते. माणसाला कधीही केवळ साधन म्हणून वापरू नये, हे कांटचे तत्त्व मी सेमिनरीत पाठ केले होते. या स्त्रियांपुढे उभे राहिले की ते तत्त्व पाठांतरातून बाहेर येते. दोन्ही बाजू मी पुन्हा पुन्हा वाचल्या आणि माझे मन पूर्ण शांत झाले नाही. मात्र एक गोष्ट मला स्वच्छ दिसते. हे ज्ञान आपल्याच शहरातल्या बायकांनी किंमत मोजून आपल्याला दिले आहे. ते हाती आल्यावर न वापरणे हा त्यांच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे.

आणि आपण ते वापरत नाही. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी गर्भाशयमुखाची तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात दोनही नव्हत्या. सरकारने २०१६ मध्येच ३० ते ६५ वयोगटासाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची पाच वर्षांतून एकदा तपासणी करावी असे धोरण आखले होते. कागदावर आहे, अंगावर नाही.

आपल्या गिरगावकडेच पाहा. चाळी पाडून उभ्या राहिलेल्या उंच इमारतीत दरवर्षी सत्तर तपासण्या करून घेणारा निरोगी तरुण राहतो. समोरच्या चाळीत त्याच्या घरी भांडी घासायला जाणारी बाई राहते, जिची पन्नास वर्षांत एकदाही तपासणी झालेली नाही. ज्याला गरज सर्वांत कमी त्याच्यावर सर्वांत जास्त खर्च होतो, आणि जिला खरोखर उपयोग होईल तिला कोणी विचारत नाही. तिला विचारले तर ती सांगेल, वेळ नाही, पैसे नाहीत, आणि पुरुष डॉक्टर असेल तर लाज वाटते. यांतले एकही कारण खोटे नाही. म्हणून 'तपासणी आवश्यक आहे का' हा प्रश्न 'कोणासाठी?' हे विचारल्याशिवाय पुरा होत नाही. आपल्या घरात बायकोने किंवा आईने शेवटची तपासणी कधी करून घेतली, हे किती पुरुषांना सांगता येईल? घरातल्या मोटारसायकलच्या सर्व्हिसिंगची तारीख मात्र त्यांना पाठ असते.

आता त्या तरुणासाठी दोन शब्द. आम्हा धर्मगुरूंना एक आजार फार जवळून माहीत असतो. लोयोलाचे संत इग्नाती १५२२ मध्ये मानरेसा या गावी असताना त्यांना सतत वाटत राही की आपले एखादे जुने पाप सांगायचे राहून गेले आहे. त्यांनी पुन्हा पुन्हा पापनिवेदन केले. जितके शोधीत गेले तितके अधिक सापडत गेले, आणि शांती दूर पळाली. जीव द्यावा असे वाटण्यापर्यंत वेळ आली. जुनी पापे पुन्हा सांगायची नाहीत असा निश्चय केला तेव्हाच ते त्यातून सुटले. याच संतांनी पुढे आपल्या अनुयायांना रोज आत्मपरीक्षण करायला शिकवले. म्हणजे परीक्षणच सोडून द्या, हा धडा त्यांनी घेतला नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या प्रश्नांनी, प्रामाणिकपणे परीक्षण करा आणि मग उठून कामाला लागा, हा घेतला. मुळीच आत न पाहणारा माणूस आणि सतत आतच पाहणारा माणूस, दोघेही आजारी आहेत. शरीराचेही असेच आहे. बाळा, तुझा रिपोर्ट चांगला आला आहे. आणखी एक तपासणी तुला शांती देणार नाही, कारण तुला हवी असलेली खात्री कोणत्याच प्रयोगशाळेत मिळत नाही. आपण कधीतरी मरणार आहोत, ही गोष्ट कोणताही रिपोर्ट नॉर्मल करून देऊ शकत नाही. ती देवापाशीच ठेवावी लागते.

तेव्हा कोणत्याही तपासणीपूर्वी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा, आणि ते विचारायला लाजू नका. माझ्या वयाला आणि माझ्या सवयींना हा धोका खरोखर आहे का? काही सापडले तर त्यावर करण्यासारखे काही आहे का? आणि या तपासणीमुळे माझ्यासारखी माणसे खरोखर जास्त जगली आहेत, असे दिसून आले आहे का? तिन्हींचे उत्तर 'हो' असेल, तर ती साधारण, वाजवी काळजी झाली आणि ती टाळणे म्हणजे सोपवलेल्या ठेवीकडे दुर्लक्ष करणे होय. तिशीनंतर रक्तदाब आणि साखर, स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाची आणि स्तनांची तपासणी, तंबाखू किंवा मिश्री लावणाऱ्यांसाठी तोंडाची तपासणी या त्यात बसतात. यादी छोटी आहे, यंत्रे फार नाहीत. ज्यांना आधीपासून आजार आहे किंवा घराण्यात विशिष्ट आजार आहे, त्यांची यादी त्यांचे डॉक्टर ठरवतील. बाकीच्या पॅकेजच्या जाहिरातींना नम्रपणे 'नको' म्हणायला आपण मोकळे आहोत, मनात कसलाही अपराधभाव न बाळगता.

मावशींच्या आजी नव्वद वर्षे जगल्या, याचा मला आनंद आहे. परंतु त्यांच्याच काळात पंचेचाळिशीत गेलेल्या बायकाही होत्या. त्यांच्या नाती आज 'माझी आजी' म्हणून काही सांगत नाहीत, कारण त्यांनी ती आजी पाहिलीच नाही. न कळलेलेच बरे, हे जे सांगायला उरले त्यांचे म्हणणे आहे.

पुढच्या महिन्यात आपल्या सभागृहात पुन्हा टेबल मांडायचे ठरले आहे. या वेळी पडद्याआड स्त्री डॉक्टर असतील, आणि आपल्या घरी काम करणाऱ्या बायकांनाही सोबत घेऊन या, त्या कोणत्याही धर्माच्या असोत. मावशी, तुमच्यासाठी एक बदल केला आहे. चहा तपासणीनंतर मिळेल. रांगेत पहिला मी असेन, तुम्ही माझ्या मागे उभ्या राहा.

आपला,
प्रमुख धर्मगुरू